मान तरुण करायच्या नादात या चुका टाळा

सगळ्यात जास्त वाटोळं करते ती शेजारणीची ट्यूब. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन एकत्र असलेलं क्रीम वांगासाठी, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांसाठी, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे आठवडेच लावायचं. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. 2018 पासून ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, तरी शहापुरातल्या माझ्या मेडिकलवर रिकामी ट्यूब नाचवत "हेच द्या की" म्हणणाऱ्या थांबत नाहीत.

खानापूरकडच्या एक बाई मानेवरचा काळपट पट्टा आणि आडव्या रेषा जाव्यात म्हणून हेच वर्षभर चोळत होत्या. सुरुवातीला मान उजळली. मग कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, लाल शिरा दिसू लागल्या, मंगळसूत्रसुद्धा टोचायला लागलं. घाबरून एकदम बंद केलं, तर आग दुप्पट. त्वचेच्या डॉक्टरांनी औषध हळूहळू सोडवलं. आणि पट्टा? मखमलीसारखा जाड काळा पट्टा बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. बाईंची साखर वाढलेली निघाली. आता असा पट्टा दिसला की मी क्रीमच्या आधी साखर तपासायला सांगतो. लोकांना राग येतो, येऊ दे.

दुसरी चूक घाईची. तुळशीचं लग्न झालं की "पुढच्या आठवड्यात हॉल आहे, मान ताणून द्या" सुरू. अल्ट्रासाउंड किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या मशीननं कातडीला आतून शेक देतात; त्यानं कोलॅजन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, नव्यानं तयार व्हायला दोन-तीन महिने जातात. मानेच्या उभ्या पट्ट्यांवरचं बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, लवकर दिसतं, पण तीन-चार महिन्यांत उतरतं. सुई चुकली तर घास गिळायला त्रास होतो, म्हणून पार्लरमध्ये टोचून घेणं निव्वळ मूर्खपणा. लोंबणारी कातडी खूप असेल तर या कशानंच ती वर जात नाही, हे मशीनवाले आधी सांगत नाहीत.

चेहऱ्याचा पील, म्हणजे कातडीचा वरचा थर काढणारं रसायन, मानेवर नको. तिथं तैलग्रंथी कमी, जखम हळू भरते आणि आपल्या सावळ्या कातडीवर डाग राहतात.

लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, फोड येतात.

सनस्क्रीन हनुवटीपाशी संपवू नका. निपाणीकडं तंबाखूच्या रानात डोक्यावर पदर असतो, पण गळा उघडाच. दोन बोटांवर मावेल तेवढं चेहऱ्याला आणि मानेला मिळून लावा.

रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं क्रीम, पहिल्या दिवसापासून रोज नको. आठवड्यात दोन रात्री, वाटाण्याएवढं. दिवस गेले असतील तर ते मी देतच नाही, कितीही वाद घाला.