ग्रॅनाइटच्या रेडिएशनला घाबरता, पण कटिंगच्या धुळीचं काय? या चुका टाळा

पुण्यात सध्या प्रत्येक सोसायटीत कुठे ना कुठे किचनचं रिनोवेशन चालूच असतं आणि ग्रॅनाइटचा ओटा बसवायचं ठरलं की घरातलं कोणीतरी व्हॉट्सॲपवरचा मेसेज दाखवतं, की ग्रॅनाइटमधून रेडिएशन येतं, कॅन्सर होतो. मग सगळी चर्चा त्यावरच, आणि ज्याने खरंच फुफ्फुसं खराब होतात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

आधी रेडिएशनचं बघू. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम अगदी थोड्या प्रमाणात असतं हे खरंय, त्यातून रेडॉन नावाचा गॅस निघतो आणि रेडॉनने फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो हेही खरंय. पण घरात रेडॉन येतो तो मुख्यतः खालच्या जमिनीतून, ओट्यातून येणारा भाग साधारणपणे फारच किरकोळ. त्यात पुण्याची जमीन काळ्या बेसॉल्टची, आणि बेसॉल्टमध्ये ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम कमी असतं. खिडकी उघडी ठेवा, एक्झॉस्ट लावा, तेवढं पुरे. 'रेडिएशन फ्री' म्हणून कोणी स्लॅबचे जास्त पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

आता खरी चूक, म्हणजे घरातच कोरडं कटिंग करू देणं. कात्रज-कोंढवा रोडवरून स्लॅब आणला, टेम्पोतून उतरवला, वर चढवला, आणि मग सिंकचं भोक पाडायला मिस्त्री किचनमध्येच कटर सुरू करतो, पाणी नाही काही नाही, पाच मिनिटांत समोरचा माणूस दिसेनासा होतो. ग्रॅनाइटमध्ये साधारण 20 ते 45 टक्के सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते खनिज, असते, आणि हल्ली सगळ्यांना हवा असतो तो पांढराशुभ्र क्वार्ट्झचा कृत्रिम ओटा, त्यात तर 90 टक्क्यांच्या वर जाऊ शकते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या कृत्रिम दगडावर बंदीच घातली, कारण तो कापणारी तरुण मुलं सिलिकोसिसने, म्हणजे सिलिकाची धूळ फुफ्फुसात जाऊन होणाऱ्या आजाराने, आजारी पडत होती. या आजारात फुफ्फुसं आतून कडक होत जातात आणि झालेलं नुकसान भरून निघत नाही. बसवलेला ओटा तुम्हाला काही करत नाही, त्रास कापताना आणि घासताना आहे.

म्हणून ऑर्डर देतानाच सिंक आणि शेगडीची मापं द्या, भोकं आणि कडेचं मोल्डिंग दुकानातच पाण्याच्या मशीनवर करून घ्या. थोडंफार घरी कापावंच लागलं तर गॅलरीत किंवा खाली मोकळ्यावर, आणि हेल्परने बाटलीच्या झाकणाला भोक पाडून ब्लेडवर सतत पाणी सोडायचं. पण पाणी आणि वीज एकत्र आहे, त्यामुळे अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) चालू आहे का ते आधी बघा, वायरला जोड असेल तर कामच थांबवा. जिन्यात कापू नका, धूळ शेजाऱ्यांच्या दाराखालून आत जाते.

काम झालं की लगेच झाडू मारणं ही अजून एक चूक. जी धूळ सगळ्यात घातक ती डोळ्याला दिसत नाही, झाडूने ती परत हवेत उडते. ओल्या फडक्याने पुसा, फ्रिजच्या वर, पंख्याच्या पात्यांवर, तांदळाच्या डब्याच्या झाकणावर सुद्धा. आणि कटिंगचा तो राखाडी चिखल ओला असतानाच उचला, वाळला की त्याची पुन्हा धूळच होते. लहान मुलं आणि दम्याचे पेशंट असतील तर ते दोन दिवस त्यांना नातेवाईकांकडे पाठवा. रुमाल बांधून काही होत नाही, एन-95 मास्क लागतो.

फरशीच्या बाबतीत लोक ॲसिडची बाटली फार सहज उचलतात. शहाबाद, कोटा, कडप्पा, मार्बल हे सगळे चुन्याचे दगड, ॲसिडने पॉलिश जातं, दगड खडबडीत होतो आणि मग घाण जास्तच धरतो. त्याहून वाईट म्हणजे बंद बाथरूममध्ये ॲसिड आणि ब्लीच एकत्र टाकणं, त्यातून क्लोरीन गॅस निघतो, जीवावर बेतू शकतं. भांड्याच्या साबणाचं पाणी बास होतं.

ओट्यावर पाण्याचे दोन थेंब पंधरा मिनिटं ठेवून बघा, खाली डाग गडद दिसला तर दगड पाणी पितोय, सीलर (दगडाची बारीक छिद्रं बुजवणारं लिक्विड) मारून घ्या, खिडक्या उघड्या ठेवून. सिंकच्या कडेची फट सिलिकॉनने भरा, कच्च्या चिकनचं पाणी तिथेच मुरतं.

घरात आजी-आजोबा असतील तर बाथरूमला आणि पायऱ्यांना आरशासारखं पॉलिश नको म्हणजे नकोच. पावसाळ्यात ओल्या चपला घेऊन कोणी आलं की पाय सटकलाच म्हणून समजा, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. लेदर फिनिश किंवा फ्लेम फिनिश, म्हणजे खरखरीत पृष्ठभागाचा दगड, घ्या.

आणि मिस्त्रीशी बोला हो. तुमच्या घरचं काम चार दिवसांचं, तो मात्र वर्षभर हीच धूळ खातोय. मास्क तुम्ही आणून द्या, पाणी लावून कापायला वेळ जास्त लागतो त्याचे पैसे द्या. त्याला बरेच दिवस खोकला असेल, जिना चढताना धाप लागत असेल तर डॉक्टरला 'मी दगड कापतो' हे आवर्जून सांगायला सांगा. सिलिकोसिस बऱ्याचदा टीबीसारखा दिसतो, आणि सिलिकोसिस असलेल्याला टीबी व्हायची शक्यताही जास्त असते, त्यामुळे कामाचं सांगितलं नाही तर नुसत्या टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि तो परत कटर हातात घेतो.