पोराबाळांसह सड्यावर आकाशदर्शनाला जाताना

डिसेंबर-जानेवारीत आकाशदर्शनाच्या शिबिराला घरच्यांना घेऊन जायचं असेल तर तयारी कॅलेंडरवरच्या तिथीपासून सुरू करा. चंद्र किती वाजता मावळणार हे तिथीवरून कळतं, आणि समुद्र किती वाजता वर येणार हेही तिच्यावरूनच कळतं. पहिल्या वर्षी आम्ही फक्त चंद्राचा विचार केला होता.

आम्ही चिपळूणचे. आम्ही दोघं, सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. त्या वर्षी अमावस्येला गुहागरच्या बाजूला संध्याकाळी सहाला पोचलो, तेव्हा ओहोटी लागलेली होती आणि पुळण लांबच लांब उघडी पडली होती. पाणी इतकं दूर, म्हणून तंबू वाळूवरच ठोकला. रात्री अकराच्या सुमारास मुलाच्या अंथरुणाशी पाणी आलं. झोपलेली पोरं खांद्यावर टाकून, भिजलेल्या गोधड्या ओढत सुरूच्या बनात गेलो. त्या रात्री आमच्यापैकी कुणी वर मान करून पाहिलंसुद्धा नाही.

मच्छीमारांचा एक हिशेब आहे, तो तेव्हापासून मी पाठ केला आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. अमावस्येचे पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. दुपारी एकदा आणि रात्री पुन्हा. थोडं पुढेमागे होतं, पण अंदाज चुकत नाही. काळोख हवा म्हणून आपण जी तिथी निवडतो तीच उधाणाची असते, आणि पाणी नेमकं सगळे आडवे झाल्यावर येतं. वाळूवर सुकलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची जी सगळ्यात वरची रेघ दिसते, तिच्या खाली काहीही ठेवू नका.

लहान मुलं बरोबर असतील तर मी अमावस्येपेक्षा द्वितीया-तृतीया निवडते. सूर्य बुडाल्यावर दोनेक तास चंद्रकोर असते. दुर्बिणीतून तिच्यावरची विवरं दिसली की मुलं तिथेच खिळतात, आणि कोर मावळल्यावर उरलेली रात्र काळोखीच मिळते.

आता आम्ही पुळणीवर मुक्काम करतच नाही. नोव्हेंबर ते मार्च वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, आपल्या विजेऱ्यांनी ती भलतीकडेच जातील. म्हणून शिबीर सड्यावर, म्हणजे डोंगराच्या सपाट, उघड्या माथ्यावर असेल तर तेच निवडा. सड्यावरून चारही बाजूंचं क्षितिज मोकळं मिळतं. आम्ही जातो तो सडा वेळणेश्वरच्या बाजूला आहे. दक्षिणेला जयगडकडचा उजेड थोडा दिसतो, पण डोक्यावरचं आकाश काळं असतं.

सड्यावर जांभा असतो, त्यात तंबूच्या खुंट्या रुतत नाहीत. आठ-दहा मीटर जाड दोरी न्या आणि तंबूचे कोपरे धोंड्यांना बांधा. तंबूचं दार पूर्वेकडे ठेवू नका. दिवसभर समुद्रावरून खारं वारं येतं, पण रात्री वारा फिरतो आणि डोंगराकडून मतलई सुटते. ती थेट आत शिरली की मुलं कुडकुडतात. निघण्याच्या आठवडाभर आधी घरच्या खळ्यात तंबू लावून सगळ्यांनी एक रात्र त्यात झोपा. चेन कुठे अडकते, अंधारात पाण्याची बाटली कुणाच्या हाताशी असते, हे तिथेच कळतं. आमच्या मुलाची अंधाराची भीती खळ्यातच गेली.

कोकणातली थंडी फार नसते, पण दव भयंकर पडतं. पहाटेपर्यंत उघड्यावरची गोधडी पिळण्यासारखी होते. खाली ताडपत्री, तिच्यावर चटई, मग अंथरूण, आणि सगळ्यात वरून एक जुनी प्लॅस्टिकची चादर. कानटोप्या सगळ्यांना, मोठ्यांनासुद्धा. दुर्बिणीच्या भिंगावर दव बसलं तर पुसू नका. हवेतलं मीठ त्यावर बसलेलं असतं, घासलं की ओरखडे पडतात. वापरात नसेल तेव्हा दुर्बीण टॉवेलखाली झाका.

डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलच्या एका झोतात सगळं जातं. विजेरीवर पतंगाच्या लाल कागदाचे दोन थर रबराने घट्ट बसवा. मुलीला हे काम दिलं, तर तिने पाच विजेऱ्या केल्या आणि प्रत्येकीवर नाव लिहिलं. दार उघडलं की गाडीतला दिवा लागतो, तो आधीच बंद करा. दिवस मावळायच्या आत पोचा आणि गाडीचं तोंड परतीच्या वाटेकडे करून ठेवा, म्हणजे मध्येच कुणाला निघावं लागलं तर हेडलाइट लोकांच्या डोळ्यांवर फिरत नाहीत. शेकोटी नको.

लाल उजेडाचा नियम मी एकाच ठिकाणी मोडते. रात्री मुलांना लघवीला नेताना पांढरी विजेरी, जमिनीकडे धरलेली, आणि पायात बूट. सड्यावर फुरसं असतं. ते लहान असतं, मातीच्या रंगाचं असतं आणि रात्रीच हिंडतं. तंबूची चेन कायम बंद हवी, बूट घालण्याआधी झटकायचे, आणि सर्पदंशाची लस असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवायचं. यात हयगय नको.

खाण्याचं सोपं आहे. दशम्या, लसणीची सुकी चटणी, थर्मासमध्ये सुंठ घातलेला चहा. कुळथाची पिठी उजेड असतानाच करून घ्यावी. सकाळी मऊ भात. मुलांना दुपारी दोन तास झोपवा, नाहीतर साडेआठलाच पेंगतात.

आकाशात आधी मृग दाखवा, तो कुणालाही सापडतो. त्याच्या पट्ट्याची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला रोहिणी, आणि रोहिणीच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात. उत्तरेला क्षितिजापासून दोन मुठींच्या जरा खाली ध्रुव, आणि जानेवारीच्या मध्याला साडेअकराच्या सुमारास बरोबर दक्षिणेला दोन मुठींवर अगस्ती. मुठी मोजायला मुलांना फार आवडतं.

गेल्या वर्षी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याआधी कृत्तिका म्हणजे त्यांना नुसता धुरकट ठिपका दिसायचा. सड्यावर खुर्चीत बसून, शाल कानावरून घेऊन त्या बोटाने मोजत होत्या. चारपर्यंत आल्या, थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मुलगी शेजारी श्वास रोखून उभी. "सहा," त्या म्हणाल्या. "माझ्या आईने सहाच सांगितल्या होत्या." त्यांच्यासाठी हाताची खुर्ची न्यायची हे तेव्हा सुचलं होतं म्हणून बरं. म्हाताऱ्या माणसांना चटईवर आडवं करू नका, दवात उठताना सांधे धरतात.

सकाळी तंबू ओला गुंडाळू नका. ऊन वर आल्यावर वाळवा. घरी आल्यावर चेन आणि दुर्बिणीच्या स्टँडचे स्क्रू गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, नाहीतर मिठाने महिन्याभरात गंजतात. दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगांना आतून बुरशी येते, म्हणून जूनच्या आधी त्या पुड्या एकदा बदला.