रात्रभर मांस स्मोक करताय आणि सगळं कंट्रोलरवर सोपवलंय? मग या चुका टाळा

इथे नॉर्थ कॅरोलिनात, लेक्सिंग्टनकडच्या जुन्या बार्बेक्यूच्या ठिकाणी पोर्क शोल्डर, म्हणजे डुकराच्या खांद्याचं मांस, भाजणारा माणूस तासन् तास आगीपाशी उभा असतो, हिकरीची लाकडं बाजूला जाळायची आणि त्याचे निखारे फावड्याने मांसाखाली सारत राहायचे. घरी आपण स्मोकरवर, म्हणजे कोळशाच्या धुरात मांस मंद शिजवायच्या भट्टीवर, तेच काम एका छोट्या पंख्याला देतो आणि झोपायला जातो. आतलं तापमान बघून तो पंखा चालवणारे हे कंट्रोलर मला मनापासून आवडतात. पण सकाळी ज्यांचं बिघडलेलं असतं त्यांचं बहुतेक वेळा एकच चुकलेलं असतं, हा पंखा नेमकं काय करतो हेच समजून घेतलेलं नसतं.

तो लोहाराचा भाता आहे, बस. तापमान कमी झालं की वारा घालतो, जास्त झालं की थांबतो. आग थंड करणं त्याच्या हातात नाही, आणि कोळसा किती उरलाय हेही त्याला दिसत नाही.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सुरुवातीलाच भरपूर कोळसा पेटवणं. आपल्याला २२५ फॅरनहाइट हवंय, म्हणजे १०७ सेल्सिअसच्या आसपास (पुढचे तापमानाचे आकडेही फॅरनहाइटमध्येच), त्याला फार थोडी आग लागते. बिग ग्रीन एगसारखा जाड सिरॅमिकचा स्मोकर एकदा ३०० च्या वर गेला की भिंतीच तापतात आणि मग पंखा बंद असला तरी खाली यायला तास-दोन तास सहज जातात. टोपली न पेटवलेल्या कोळशाने गच्च भरा, मधे एका छोट्या जागेवर पेटते निखारे ठेवा आणि हळूहळू चढू द्या, घाई अजिबात नको.

पंखा शून्यावर आहे आणि तापमान तरीही चढतंय? मग हवा दुसरीकडून येतेय. खालची बाकीची व्हेंट, म्हणजे हवेची भोकं, नीट बंद आहेत का बघा, झाकणाच्या कडेचं गास्केट, म्हणजे हवा अडवणारी पट्टी, झिजलंय का बघा, वेबर स्मोकी माउंटन हा स्मोकर असेल तर त्याचं पत्र्याचं दार बघा, तिथून बरीच हवा जाते. वरची व्हेंट पूर्ण उघडी ठेवणं हीसुद्धा तीच चूक, कारण धुराड्यासारखी ओढ लागते आणि बंद पंख्यातूनसुद्धा हवा आत खेचली जाते. वर बारीकशी फट पुरते, पण पूर्ण बंद करू नका, धूर आत कोंडून मांस कडू होतं आणि आग गुदमरते.

प्रोबबद्दल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या वायरच्या सळईबद्दल, जरा सविस्तर सांगतो कारण मी स्वतः यात फसलोय. स्मोकरच्या आतलं तापमान मोजणारा प्रोब मी जाळीवर मांसाच्या अगदी लगत लावला होता, रात्री मांस थोडं सरकून त्याला टेकलं, फ्रिजमधून काढलेलं थंडगार मांस, त्यामुळे कंट्रोलरला वाटलं स्मोकर थंड आहे आणि त्याने जोरात वारा घातला, मी उठलो तेव्हा बाहेरची बाजू करपलेली होती आणि ८ पाउंडाचं शोल्डर वाया गेल्याचं खूप वाईट वाटलं. तेव्हापासून दोन इंच अंतर ठेवतोच, आणि वरून चरबी प्रोबवर टपकणार नाही हेही बघतो. प्रोब धुताना वायरच्या जोडात पाणी जाऊ देऊ नका, मग तो काहीही आकडे दाखवतो. शंका आली तर बर्फाच्या पाण्यात धरून बघा, ३२ फॅरनहाइट यायला हवं.

झाकण उघडायच्या आधी पंखा थांबवा. उघडल्यावर आकडा पडतो, पंखा पूर्ण जोरात सुटतो, आणि झाकण लावलं की तापमान उसळतं. काही कंट्रोलर झाकण उघडल्याचं ओळखतात, पण त्यावर विसंबून राहू नका.

मांसाच्या आतलं तापमान १५० ते १७० च्या मधे तासन् तास अडकला तर कंट्रोलर बिघडलेला नाही. मांसातून पाणी सुटून वाफ होते आणि ते स्वतःलाच गार करत राहतं, घामाने अंग गार होतं तसंच. रात्री दोनला उठून सेटिंग ३०० करू नका. घाई असेल तर फॉइलमध्ये गुंडाळा, नाहीतर थांबा, ८ पाउंडाला १२ ते १६ तास धरूनच चला.

उलट पंखा १०० टक्क्यांवर आणि आकडा उतरतोय, हे मात्र लगेच उठायचं लक्षण. कोळसा संपलाय, किंवा राखेने खालची भोकं बुजलीत, किंवा मोठे तुकडे अडकून मधे पोकळी झालीये. आधीची राख दर वेळी काढाच. आणि अलार्म दोन्ही बाजूंनी लावा, २०० च्या खाली आणि २७५ च्या वर, फोन सायलेंटवर नाही ना ते बघा, अंगणातल्या प्लगची वीज दव पडून ट्रिप होते म्हणून जवळ बॅटरी ठेवा. पाऊस आला तरी स्मोकर गॅरेजमध्ये ओढू नका, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही, कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

सकाळी आग विझलेली दिसली तर आधी मांसाच्या आतला आकडा बघा. १४० च्या वर असेल तर परत पेटवा. खाली असेल आणि किती वेळ खाली होतं हे कळायला मार्ग नसेल तर टाकून द्या, पाहुणे येणार असले तरी. आणि सगळं नीट होऊन मांस २०० च्या पुढे मऊ पडलं, तुम्ही ते काढून टॉवेलात गुंडाळून कूलरमध्ये, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या बंद पेटीत, ठेवलं, की लगेच पंखाही काढा आणि त्या भोकाला बूच लावा, बंद पंख्यातून गरम हवा उलटी येऊन त्याचं प्लॅस्टिक वितळतं.