वेबसाइटवरचं कार्यक्रमांचं कॅलेंडर: या चुका टाळा

महिन्याला तीनच कार्यशाळा होतात आणि वेबसाइटवर अख्ख्या महिन्याचं कॅलेंडर लावलेलं असतं. पानावर ३५ चौकटी, त्यातल्या ३२ रिकाम्या. बघणाऱ्याला वाटतं, इथे फारसं काही चालत नाही. पुढचा कार्यक्रम कधी, कुठे, किती वाजता आणि नाव कुठे नोंदवायचं, हे त्याला कुठेही क्लिक न करता कळलं पाहिजे. रंग, मांडणी, फॉन्ट सगळं त्यानंतर.

इथे वर्डप्रेसवरचं (वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवरचं) 'द इव्हेंट्स कॅलेंडर' हे प्लगइन, म्हणजे त्याला जोडायची पुरवणी, आणि गूगल कॅलेंडरचं एम्बेड, म्हणजे ते कॅलेंडर आपल्या पानात बसवणं, हे दोन मार्ग धरले आहेत. प्लगइनची मूळ आवृत्ती आणि गूगलचं एम्बेड दोन्ही फुकट असल्याने लहान व्यवसाय सहसा इथूनच सुरुवात करतात.

महिना की यादी?

३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर सात रकाने बसवले, तर एका दिवसाच्या वाट्याला जेमतेम ५० पिक्सेल येतात. 'वारली चित्रकला कार्यशाळा' हे नाव तिथे मावणारच नाही. म्हणून हे प्लगइन फोनवर नावाऐवजी नुसता ठिपका दाखवतं आणि तारखेला बोट लावल्यावर खाली कार्यक्रम उघडतो. ठिपका दाबायचा असतो, हे सगळ्यांच्या लक्षात येत नाही.

महिन्याला पंधरापेक्षा कमी कार्यक्रम असतील तर यादीच ठेवा. प्लगइनच्या सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले' या भागात कोणती दृश्यं (महिना, यादी) चालू ठेवायची आणि आधी कोणतं उघडायचं, ते ठरवता येतं. रोज दोन-तीन बॅचेस असतील, तर मात्र महिन्याची चौकट खरंच उपयोगी पडते.

टाइमझोन: सर्वांत महागात पडणारी चूक

नवीन वर्डप्रेस साइटचा टाइमझोन बऱ्याचदा 'यूटीसी+०' (जागतिक प्रमाणवेळ, भारतापेक्षा साडेपाच तास मागे) असाच राहून जातो. पानावर सगळं बरोबर दिसतं: संध्याकाळी ६ लिहिलं की ६ दिसतात. त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. पण ग्राहक तोच कार्यक्रम आपल्या फोनच्या कॅलेंडरमध्ये जोडतो तेव्हा तिथे रात्रीचे साडेअकरा उमटतात, कारण साइटने '६ यूटीसी' असं कळवलेलं असतं आणि फोन त्यात साडेपाच तास मिळवतो. शिवाय रात्री ८ वाजता संपलेली कार्यशाळा रात्री दीडपर्यंत 'आगामी' म्हणून मिरवत राहते.

उपाय: वर्डप्रेसच्या 'सेटिंग्ज', मग 'जनरल', आणि टाइमझोनच्या यादीत 'कोलकाता' हे शहर निवडा. एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक कार्यक्रमाचा टाइमझोन त्या कार्यक्रमाबरोबर वेगळा साठवलेला असतो, म्हणून आधी टाकलेले कार्यक्रम आपोआप सुधारत नाहीत. ते एकेक उघडून टाइमझोन बदला. मग एक कार्यक्रम स्वतःच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये जोडून वेळ तपासा.

ऑनलाइन वर्गांना परदेशातले मराठी विद्यार्थी असतील, तर अजून एक काळजी घ्यावी लागते. भारतात घड्याळ वर्षभर तेच. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ते एक तास पुढे-मागे होतं. आपल्याकडे संध्याकाळी ७ वाजता सुरू होणारा वर्ग न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला, तर हिवाळ्यात साडेआठला असतो. वेळेपुढे 'भारतीय वेळ' असं स्पष्ट लिहा.

तारखेचं रूपही ठरवा, प्लगइनच्या 'डिस्प्ले' सेटिंग्जमध्ये. ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे, असा प्रश्न पडायला नको. महिन्याचं नाव अक्षरांत येऊ द्या. आठवड्याची सुरुवात मात्र वर्डप्रेसच्या 'जनरल' पानावर बदलते.

गूगल कॅलेंडर रिकामं दिसतं

तुम्हाला दिसतं, ग्राहकाला दिसत नाही. कारण तुम्ही तुमच्या खात्यात लॉग-इन असता आणि कॅलेंडर सार्वजनिक केलेलं नसतं. त्या कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये ते सार्वजनिक करा आणि तिथेच कार्यक्रमाचे सगळे तपशील दाखवण्याचा पर्याय निवडा. फक्त मोकळी-व्यग्र वेळ दाखवण्याचा पर्याय राहिला, तर कार्यक्रमाच्या नावाऐवजी नुसतं 'बिझी' दिसतं. यासाठी वेगळं कॅलेंडर काढा; घरच्या नोंदींचं खासगी कॅलेंडर चुकूनही सार्वजनिक करू नका.

एम्बेड कोडमध्ये रुंदी ८०० पिक्सेल अशी ठरलेली असते, त्यामुळे फोनवर कॅलेंडर उजवीकडे कापलं जातं. रुंदी १०० टक्के करा. मात्र आतले फॉन्ट आणि रंग तुमच्या सीएसएसने (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडने) बदलणार नाहीत. आयफ्रेममधलं (तुमच्या पानातल्या चौकटीतलं) पान गूगलचं असतं आणि ब्राउझर बाहेरच्या साइटची सीएसएस आत शिरू देत नाही. त्यात तास घालवू नका; दिसणं पूर्ण हातात हवं असेल तर प्लगइन वापरा.

बदल कुठे करायचा

आधी प्लगइनची सेटिंग्ज, मग 'कस्टमाइज'मधले रंग, मग अतिरिक्त सीएसएस, आणि अगदीच गरज पडली तर टेम्प्लेट फाइल (पानाचा साचा). प्लगइनच्या मूळ फाइलला कधीही हात लावू नका, पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाईल. फाइलची प्रत चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बेतलेल्या, तुमच्या बदलांसाठीच्या थीममध्ये) 'ट्राइब', त्यात 'इव्हेंट्स', त्यात 'व्ही२' अशा फोल्डरांत ठेवा. पण ही प्रत अपडेटबरोबर बदलत नाही. मोठ्या अपडेटनंतर मांडणी विस्कटली तर पहिला संशय तिच्यावरच घ्या: फाइलचं नाव तात्पुरतं बदलून पाहा.

फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरं उन्हात वाचता येत नाहीत. साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक) हवा.

देवनागरीचे खास प्रश्न

बऱ्याच थीम शीर्षकांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) देतात. रोमन अक्षरांना ते शोभतं; मराठीत शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांत तुटते. कॅलेंडरच्या शीर्षकांसाठी ते शून्य करा. ओळीची उंची १ किंवा १.१ असेल तर वरच्या मात्रा, रफार आणि खालचे उकार कापले जातात, १.५ ते १.६ ठेवा. फॉन्टमध्ये देवनागरी आहे ना, हे तपासा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी चालतील. फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवताना फक्त लॅटिन अक्षरांची फाइल उतरवली जाते आणि मराठी मजकूर भलत्याच फॉन्टमध्ये दिसतो, हे वरचेवर घडतं. साइटची भाषा मराठी ठेवा. म्हणजे महिन्यांची नावं मराठीत येतात.

कार्यक्रमाच्या लिंकचं काय? पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाची (काना-मात्राही वेगळं चिन्ह) नऊ अक्षरं होतात. 'दिवाळी फराळ कार्यशाळा' एवढंच नाव १७३ अक्षरांचं होतं, आणि वर्डप्रेसची मर्यादा २०० आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ही लिंक टक्केचिन्हांची माळ वाटते. पत्ता रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा द्या.

पान सापडत नाही, पुढचा महिना उघडत नाही

कॅलेंडरच्या पानावर ४०४ (पान सापडलं नाही) आलं, तर 'सेटिंग्ज'मध्ये 'परमालिंक्स' (पानांचे पत्ते) उघडून काही न बदलता सेव्ह करा. तरीही अडलं, तर 'इव्हेंट्स' याच पत्त्याचं दुसरं पान आधीपासून आहे का, ते पाहा.

'पुढचा महिना' दाबल्यावर काहीच होत नसेल तर कॅशे, म्हणजे साठवून ठेवलेली पानाची प्रत, तपासा. वर्डप्रेसच्या सुरक्षा-खुणा (बटणाची विनंती खरी आहे ना, हे तपासणारे तात्पुरते संकेत) जास्तीत जास्त २४ तास चालतात. त्याहून जुनं पान दाखवलं की बटणं अडू शकतात. कॅशेची मुदत १० तासांवर आणा आणि जावास्क्रिप्ट उशिरा लोड करण्याची सोय कॅलेंडरच्या पानापुरती बंद करा. तपासणी इन्कॉग्निटो (ब्राउझरच्या खासगी) खिडकीतच करा. लॉग-इन असताना तुम्हाला बहुधा ताजं पान मिळतं, जुनं फक्त ग्राहकाला दिसतं.

आणि कार्यक्रम रद्द झाला तर तो डिलीट करू नका. आधी पाठवलेल्या लिंकवर लोकांना ४०४ मिळतं आणि ते थेट दारात येऊन उभे राहतात. कार्यक्रमाच्या स्टेटसमध्ये 'रद्द' किंवा 'पुढे ढकलला' निवडा आणि खाली कारण, नवी तारीख व पैसे परत कसे मिळतील ते लिहा.