पॉलिएस्टरवर सिलिकॉन सॉफ्टनर चढवताना या चुका टाळा

पॉलिएस्टरचे तंतू एकमेकांवर अडकत-सुटत सरकतात, म्हणून कापड हाताला खरखरीत लागते. अमिनो सिलिकॉन या सॉफ्टनरचा (कापड मऊ करणाऱ्या रसायनाचा) पातळ थर तंतूला धरून बसला, की घर्षण, विशेषतः हालचाल सुरू होतानाचे, घटते. मात्र पॉलिएस्टरवर सुताप्रमाणे हायड्रॉक्सिल गटांची रेलचेल नसते; पाण्यात त्याचा पृष्ठभाग ऋणभारित असतो आणि सौम्य आम्लात धनभारित झालेले अमिनो गट त्याकडे ओढले जातात. हा भार टिकला नाही, तर महागडे सॉफ्टनरही वाया जाते.

सर्वांत घातक चूक धुलाईत होते. कॉस्टिक सोड्याने तंतू किंचित झिजवून वजन घटवल्यावर कापडात अल्कली राहिली, तर ती पॅडिंगच्या बाथमध्ये, म्हणजे कापड बुडवून रोलरमध्ये पिळतात त्या सॉफ्टनरच्या द्रावणात, उतरते, पीएच वाढतो, अमिनो गटांचा भार जातो आणि इमल्शन (पाण्यात विखुरलेले सिलिकॉनचे बारीक थेंब) फुटते. ऋणभारित डिटर्जंट किंवा डिस्पर्सिंग एजंट (रंग पाण्यात विखुरलेला ठेवणारे रसायन) उरल्यासही इमल्शन असेच फुटते. मग रोलरवर चिकट थर साचतो आणि गडद निळ्या ताक्यावर मसुराएवढे तेलकट डाग उमटतात, जे साध्या धुण्याने निघत नाहीत. म्हणून पॅडिंगपूर्वी ओल्या कापडावर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकावा. गुलाबी रंग दिसला, तर ॲसेटिक ॲसिडने उदासीन करून पुन्हा धुवावे. बाथचा पीएच ५ च्या आसपास ठेवावा आणि तो सुरुवातीलाच नव्हे, काम चालू असतानाही तपासावा.

स्पर्श मनासारखा आला नाही, की मात्रा वाढवण्याचा मोह होतो. बाथमध्ये लिटरला २० ग्रॅम आणि ६० टक्के पिकअप (कापडाच्या वजनाच्या तुलनेत त्याने उचललेले द्रावण) धरल्यास किलोभर कापडावर १२ ग्रॅम सॉफ्टनर जाते. त्यात ३० टक्के घन भाग असेल, तर प्रत्यक्ष थर ३.६ ग्रॅमचा. याहून बरेच अधिक चढवले, तर विरळ विणीच्या कापडात ताणा-बाणा इतका सहज सरकतो की शिवणीपाशी फट पडते. अशा वेळी, माझ्या मते, मात्रा घटवणे हाच खरा उपाय आहे.

धुलाईत टिकण्यासाठी रिॲक्टिव्ह सिलिकॉन निवडले असेल, तर नुसते वाळवून भागत नाही, कारण त्याच्या साखळ्या स्टेंटरच्या (कापड ताणून गरम हवेत वाळवणाऱ्या यंत्राच्या) उष्णतेतच एकमेकींशी जोडल्या जातात. उलट तापमान गरजेपेक्षा चढवले, तर पांढरे कापड पिवळसर होते आणि गडद कापडातील डिस्पर्स रंग (पॉलिएस्टर रंगवण्याचा रंग) सिलिकॉनच्या थरात येऊन घासल्यावर सुटू लागतो. पुरवठादाराने दिलेले तापमान हवेचे आहे की कापडाचे, हे आधी विचारून घ्यावे.