तट्टूच्या दाट केसांतल्या उवा

निफाडकडच्या थंडीत तट्टाचे केस दाट होतात आणि उवा त्यात लपतात. आयाळीच्या मुळाशी, मानेवर, शेपटीच्या बुडाशी केस फाकवून उन्हात बघा. चिकटलेल्या पांढुरक्या लिखा आधी दिसतील.

शक्य असेल तर केस मशीनने कापा (रात्री मग झूल हवीच). नाही तर औषध वरच्या केसांवरच राहतं. घोड्यांसाठीचं पर्मेथ्रिन लेबलवरच्या प्रमाणातच, कातडीपर्यंत पोहोचेल असं लावा. लिखा त्याने मरत नाहीत, म्हणून १४ दिवसांनी पुन्हा. बहुतेक लोक इथेच चुकतात: खाज थांबली की दुसरा हात देत नाहीत. पोटातून दिलेलं आयव्हरमेक्टिन रक्त पिणाऱ्या उवांवर चालतं, कातडीचा कोंडा खाणाऱ्यांवर फारसं नाही.

गाईम्हशींच्या गोचिडांवरचं अमिट्राझ गोठ्यात असतंच. ते घोड्याला अजिबात नको. आतड्यांची हालचाल मंदावून पोटशूळ उठतो. गाभण घोडी किंवा शिंगरू असेल तर आधी पशुवैद्यांना विचारा.

खरारा, झूल, खोगिराखालची गादी गरम पाण्यात धुवा. सोबतच्या सगळ्या घोड्यांना त्याच दिवशी औषध लावा. या उवा माणसाच्या डोक्यात घर करत नाहीत.