शेपूट गरगर का फिरत होतं

सुट्या भागांतून जोडलेलं माझं पहिलं रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर ४५० साइजचं (हा मॉडेलच्या आकाराचा एक वर्ग): ३२५ मिलिमीटरची पाती आणि ११.१ व्होल्टची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. खानापूरजवळ भात कापून झालेल्या आमच्या शेतात, बेळगावच्या सांबरा विमानतळापासून लांब, पहिली चाचणी घेतली. थ्रॉटल थोडं वाढवलं, स्किड (खालचे पाय) हलके झाले आणि ते जागच्या जागीच भोवऱ्यासारखं गरगरलं. दोनदा तेच.

मला वाटलं, शेपटाचा पट्टा सैल असेल. तो ताणून बघितला, काही फरक नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर काम केलेले मामा म्हणाले, "फिरवतोस कशाला? बंद ठेवून हातानं बघ की आधी!"

मग मोटरच्या तीनपैकी दोन वायरी सोडवल्या, मुख्य पाती काढली. (हे न करता कुणी सेटिंगला बसू नका, मोटर अचानक सुरू झाली तर बोटं जातील.) रडर स्टिक (नाक वळवायची रिमोटवरची दांडी) उजवीकडे नेली आणि शेपटाचा स्लायडर (शेपटाच्या पात्यांचा कोन बदलणारा सरकता भाग) कुठल्या बाजूला सरकतो ते बघितलं. नंतर स्टिक सोडून हेलिकॉप्टरचं नाक झटकन डावीकडे वळवलं. स्लायडर त्याच बाजूला जायला हवा होता, पण गेला उलट! म्हणजे जायरो (नाक आपोआप वळलं तर ते ओळखून शेपटाकडून सावरून घेणारा सेन्सर) वळण थांबवायच्या ऐवजी वाढवत होता.

जायरोवरचं रिव्हर्सचं बारीक बटण सरकवलं, बस्स. ट्रान्समीटरमधला (म्हणजे रिमोटमधला) रडर रिव्हर्स वेगळा, त्यानं हा दोष जात नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा नसताना ते गुडघाभर उंचीवर नाक सरळ धरून थांबलं. मामा बांधावर उभे होते.